एलईडी फॉग लाइटच्या रेझिस्टरमुळे बंपरच्या आतले प्लास्टिक वितळले, काय करावे?

घाटवाट (मुलुंड)

नमस्कार. माझ्या पेट्रोल हॅचबॅकच्या पुढच्या बंपरमध्ये कंपनीनेच बसवलेले एच-११ प्रकारचे ५५ वॉटचे हॅलोजन फॉग लाइट होते. आमचे गाव जुन्नर तालुक्यात असल्यामुळे पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी कल्याण-मुरबाडमार्गे माळशेज घाट चढावा लागतो आणि शुक्रवारी कामावरून सुटून निघाल्यावर घाट लागेपर्यंत रात्र झालेली असते. धुक्यात रस्त्याची कड नीट दिसावी म्हणून जूनमध्ये मी हॅलोजन काढून त्या जागी प्रत्येकी १५ वॉटचे एलईडी बल्ब लावून घेतले.

बल्ब लावल्यापासून दिवे सुरू करताच दोन-तीन सेकंदांत डॅशबोर्डवर फॉग लाइट निकामी झाल्याची सूचना येऊ लागली आणि दिवे आपोआप विझू लागले. अ‍ॅक्सेसरीच्या दुकानातल्या कारागिराने तेव्हा दोन्ही बाजूंना '५० वॉट, ६ ओहम' असे छापलेले सोनेरी धातूचे रेझिस्टर (विजेच्या प्रवाहाला रोध करणारे भाग) जोडून दिले. सूचना नाहीशी झाली आणि मी निश्चिंत झालो. गेल्या आठवड्यात मात्र घाटात वाहतूक खोळंबली असताना तासभर फॉग लाइट चालू ठेवून गाडी उभी होती, आणि पुढून जळका वास येऊ लागला. सकाळी बंपर सैल करून पाहिले, तर रेझिस्टर थेट वायरिंगलाच केबल टायने बांधलेला होता. टाय वितळून तुटला होता, वायरिंगवरची टेप चिकट झाली होती आणि बंपरच्या आतल्या बाजूला अंगठ्याएवढा खोलगट डाग पडला होता. घरची मंडळी मागे झोपलेली असताना हे घडले, त्यामुळे तेव्हापासून फॉग लाइट मी सुरूच केलेले नाहीत.

रेझिस्टर सदोष आहे का? त्याऐवजी १०० वॉटचा लावला तर कमी तापेल का? आणि तो बसवायचा तरी कुठे?

तारजोड (ठाणे)

तुमचा रेझिस्टर सदोष नाही. उष्णता निर्माण करणे हेच त्याचे काम आहे आणि ते तो चोख करतो आहे. चूक आहे ती त्याला दिलेल्या जागेची.

गाडीचे बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे दिवे वगैरे सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा, दिवा लागला की नाही हे प्रकाशावरून ओळखत नाही, तर त्यातून जाणाऱ्या प्रवाहावरून ओळखते. ५५ वॉटचा हॅलोजन साधारण साडेचार अँपिअर घेतो, तर तुमचा एलईडी जेमतेम १.१ अँपिअर. इतका कमी प्रवाह दिसला की मॉड्यूल तार तुटली असा अर्थ लावते आणि पुरवठा बंद करते. रेझिस्टर एलईडीला समांतर जोडला की त्यातून वाया जाणारा प्रवाह भरीला येतो आणि मॉड्यूलचे समाधान होते. इंजिन चालू असताना गाडीचा दाब १३.८ व्होल्ट धरला, तर ६ ओहममधून २.३ अँपिअर जातात आणि त्याचे जवळजवळ ३२ वॉट होतात. रेडिओ दुरुस्तीचा साधा सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत काय बांधून ठेवले गेले आहे याची कल्पना येईल. अल्टरनेटर १४.४ व्होल्टपर्यंत गेला तर हाच आकडा साडेचौतीसवर जातो.

'५० वॉट' या छापील आकड्यावर बहुतेकांची फसगत होते. हा आकडा रेझिस्टर पुरेशा मोठ्या धातूच्या पत्र्यावर घट्ट बसवलेला असतानाचा आहे. नुसत्या हवेत लोंबणाऱ्या त्याच रेझिस्टरची क्षमता निम्म्याहूनही कमी असते. शिवाय ६ ओहमचे हे नग मुख्यतः इंडिकेटरसाठी विकले जातात. इंडिकेटर उघडझाप करतो, त्यामुळे रेझिस्टरला साधारण निम्मा वेळ विश्रांती मिळते आणि वळण संपले की तोही थांबतो. फॉग लाइट घाटात दीड-दोन तास अखंड चालू राहतो. इंडिकेटरवर वर्षानुवर्षे टिकलेली जोडणी फॉग लाइटवर एका रात्रीत प्लास्टिक वितळवते, ती यामुळेच.

आता १०० वॉटच्या प्रश्नाबद्दल. ओहम तेवढेच राहिले तर उष्णता तेवढीच राहते, फक्त ती मोठ्या अंगावर पसरल्यामुळे पृष्ठभागाचे तापमान काहीसे उतरते. उष्णता मुळातच कमी करायची असेल तर ओहम वाढवावे लागतात. १० ओहमला १३.८ व्होल्टवर १९ वॉट होतात, म्हणजे सध्यापेक्षा चाळीस टक्के कमी. मॉड्यूलला पूर्ण साडेचार अँपिअर दाखवावे लागत नाहीत, त्याची एक किमान मर्यादा ओलांडली की पुरते. म्हणून लॅमिंग्टन रोडवरून (मुंबईतला इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचा बाजार) १०, ८ आणि ६ ओहमचे नग आणून मोठ्याकडून लहानाकडे जावे आणि ज्या पहिल्या नगाला सूचना येत नाही तोच ठेवावा. कोणी ३ ओहमचा सुचवला तर कृपया घेऊ नये, कारण त्यात ६३ वॉट होतात, म्हणजे हॅलोजनपेक्षाही जास्त.

कुर्ला_गॅरेज

मी गेली अनेक वर्षे गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो, म्हणून बसवण्याबद्दल लिहितो.

प्लास्टिकला, वायरिंगला आणि एलईडीच्या मागच्या पंख्याला रेझिस्टरचा स्पर्श होता कामा नये. सुमारे ३ मिलिमीटर जाडीची, तळहाताएवढी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घ्यावी, रेझिस्टरच्या बुडाला थर्मल पेस्टचा (उष्णता पुढे नेणाऱ्या मलमाचा) पातळ थर लावून तो दोन स्क्रूंनी पट्टीवर आवळावा आणि ती पट्टी गाडीच्या लोखंडी भागाला आधीपासून असलेल्या बोल्टखाली धरावी. नवीन भोक पाडण्याचा मोह टाळावा. पुढच्या आडव्या लोखंडी पट्टीच्या आसपास बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचा धडक ओळखणारा सेन्सर असतो आणि तिथे ड्रिल चालवणे धोक्याचे आहे. त्यातच मुंबईच्या खाऱ्या हवेत उघड्या पडलेल्या लोखंडाला एका पावसाळ्यात गंज धरतो. जागा शक्य तितकी उंच असावी. हिंदमाता किंवा अंधेरीच्या सबवेजवळ साचलेल्या पाण्यात गाडी घातली की तापलेल्या रेझिस्टरवर गार पाणी पडते, आणि एकदा टोकाचे सील तडकले की आत शिरलेले पाणी त्याला हळूहळू खाते.

वायर चिमटून जोडणारे निळे क्लिप वापरू नयेत, कारण ते मूळ वायरीचे तंतू कापतात आणि ओलावा आत घेतात. तयार कपलर (एकमेकांत बसणारे जोड) असलेली हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, घ्यावी, म्हणजे कंपनीची वायर कापावी लागत नाही आणि वाटेल तेव्हा हॅलोजन परत लावता येतो. रेझिस्टरजवळची वायर सिलिकॉनच्या आवरणाची असावी. साध्या पीव्हीसीचे आवरण या उष्णतेला कडक होऊन फुटते. तुमच्या गाडीतली चिकट झालेली टेप पूर्ण सोडवून आतल्या प्रत्येक वायरीचे आवरण तपासल्याशिवाय पुढचे काही करू नका.

पिवळा_दिवा (विलेपार्ले)

वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत, पण मूळ निर्णयाचाच पुनर्विचार व्हावा असे मला मनापासून वाटते. १५ वॉटचा एलईडी आणि ३२ वॉटचा रेझिस्टर मिळून ४७ वॉट होतात, म्हणजे वीज वाचवण्याचा लाभ जवळजवळ संपला. उरतो तो प्रकाशाचा प्रश्न. फॉग लाइटचा झोत रुंद, चपटा आणि वरच्या कडेला स्पष्ट कापलेला असावा लागतो, आणि तुमच्या दिव्यातला आरसा हॅलोजनच्या बारीक तारेच्या नेमक्या जागेनुसार घडवलेला आहे. त्या जागी एलईडीच्या दोन चकत्या आल्या आणि त्या अर्धा-एक मिलिमीटर जरी सरकल्या, तरी प्रकाश वर उडतो, धुक्याच्या थेंबांवरून आपल्याच डोळ्यांवर परततो आणि समोरून येणाऱ्या एसटीच्या चालकालाही दिपवतो. भिंतीपासून सात-आठ मीटरवर गाडी उभी करून झोताची वरची कड पाहा. ती धूसर असेल तर हा बल्ब माळशेजच्या धुक्यासाठी निरुपयोगी आहे.

रंगाबद्दलही एक समज आहे. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने खूप मोठे असल्यामुळे पिवळा प्रकाश धुके 'भेदतो' असे होत नाही. निळसर भाग काढून टाकल्यामुळे तो डोळ्यांना कमी खुपतो, इतकेच. आणखी एक गोष्ट म्हणजे हॅलोजनच्या उष्णतेने काचेच्या आतले बाष्प सुकते, एलईडीने तितके सुकत नाही, आणि आपल्याकडच्या दमट हवेत हा फरक जाणवतो. मी स्वतः ५५ वॉटच्या हॅलोजनवर परत आलो आहे.

घाटवाट (मुलुंड)

सर्वांचे आभार. दोन शंका उरल्या आहेत. बॅटरीवरून थेट रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) टाकला तर रेझिस्टर टाळता येईल का? आणि सर्व्हिस सेंटरमध्ये ही तपासणीच बंद करून मिळते असे ऐकले, ते कितपत खरे?

तारजोड (ठाणे)

रिलेने सुटका होणार नाही. मॉड्यूलला तेव्हा फक्त रिलेच्या कॉइलचा प्रवाह दिसेल, जो एक पंचमांश अँपिअरच्याही आत असतो, म्हणजे सूचना कायम राहील. काही गाड्यांत मॉड्यूल दिव्यांना अखंड पुरवठा न देता तो वेगाने तोडत-जोडत देते, आणि तशा पुरवठ्यावर रिले खडखडत राहतो.

तपासणी बंद करणे मात्र खरे आहे. काही गाड्यांत निदान यंत्र जोडून त्या दिव्यापुरती प्रवाहाची तपासणी बंद करता येते किंवा तिथे एलईडी आहे अशी नोंद करता येते. तुमच्या गाडीत ही सोय असेल तर तोच सर्वांत स्वच्छ मार्ग आहे, कारण त्यात रेझिस्टरच लागत नाही. फक्त दिवा खरोखर गेला तरी गाडी सांगणार नाही, म्हणून घाटाच्या पायथ्याशी एकदा उतरून पाहण्याची सवय ठेवावी लागेल.

रेझिस्टरच ठेवणार असाल तर बसवल्यावर गाडी उभी ठेवून, इंजिन चालू ठेवून अर्धा तास दिवे लावा आणि तापमान मोजा. लांबून मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर खूपच कमी आकडा दाखवतो, म्हणून रेझिस्टरवर कागदी मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरा.

घाटवाट (मुलुंड)

काम झाल्यावर कळवतो म्हणालो नव्हतो, तरी इतरांच्या उपयोगासाठी लिहितो. माझ्या गाडीत तपासणी बंद करण्याची सोय नाही असे सर्व्हिस सेंटरने सांगितले. १० ओहमवर सूचना आली नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर बसवून इमारतीच्या पार्किंगमध्ये अर्धा तास चाचणी घेतली, तेव्हा टेपवर ८६ अंश आणि पट्टीच्या टोकाला ६१ अंश सेल्सिअस आले. उघड्या चकचकीत धातूवर त्याच क्षणी तोच थर्मामीटर ४४ दाखवत होता.

नंतर पिवळा_दिवा यांनी सांगितल्याप्रमाणे भिंतीवर झोत पाहिला. डाव्या दिव्याची कड बरी आहे, उजव्याची पूर्ण विस्कटलेली आहे. उजवा बल्ब खोबणीत फिरवून पाहिला, तरी फरक पडला नाही. हॅलोजनचे जुने बल्ब डिकीत जपून ठेवले होते, ते शुक्रवारी निघण्यापूर्वी परत लावतो आहे. कपलरची हार्नेस असल्यामुळे दहा मिनिटांचे काम आहे.