लॅब आणि कारवानी, दोघांचा विमा काढायचाय. सुरुवात कुठून करू?

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी. घरी दोन कुत्री आहेत. लॅब्राडोर मादी, वय साडेसहा वर्षं, नसबंदी केलेली नाही, केनेल क्लबचा वंशावळीचा कागद आहे. दुसरा कारवानी नर, अंदाजे दीड वर्षाचा, गडहिंग्लज भागातला, कागद काहीच नाही. दोघंही घरातलीच माणसं आहेत, त्यामुळं त्यांची किंमत किती हा प्रश्नच नाही. कुत्रं दवाखान्यात टेबलावर असताना डॉक्टरांनी ऑपरेशनचा आकडा सांगितला आणि पैशापायी 'नको' म्हणावं लागलं, असं होऊ नये एवढंच बघायचंय.

मृत्यूचा विमा आणि उपचाराचा विमा वेगळा असतो का? कागद नसलेल्या कारवानीला मिळतो का? चिप बसवावीच लागते का? आणि क्लेम नेमके कशावर अडतात?

क्लेमफाइल

वेगळा असतो, आणि बहुतेकांची गफलत इथंच होते. सरकारी विमा कंपन्यांच्या जुन्या श्वान पॉलिसी गाई-म्हशींच्या विम्याच्या घाटणीच्या आहेत. कुत्रं अपघातानं किंवा आजारानं गेलं तर ठरलेली रक्कम मिळते. वयाची मर्यादा साधारण ८ आठवडे ते ८ वर्षं. दवाखान्याचं बिल हा त्यांचा मुख्य विषयच नाही. २०२० च्या आसपास खासगी कंपन्यांनी शस्त्रक्रिया आणि दाखल करून केलेल्या उपचारांची पॉलिसी आणली. त्यात मृत्यू, चोरी, हरवणं, कुत्र्यामुळं दुसऱ्याला झालेली इजा ही कलमं सोबत किंवा जादा हप्ता भरून मिळतात.

तुम्हाला हवाय तो हा दुसरा प्रकार. लॅब गेल्यावर हातात आलेले पैसे तुमच्या काय कामाचे? म्हणून पत्रकावर मोठ्या अक्षरात छापलेली रक्कम बाजूला ठेवा आणि आतल्या पानावरची शस्त्रक्रियेची उपमर्यादा, म्हणजे एकूण रकमेतले शस्त्रक्रियेसाठी जास्तीत जास्त किती मिळणार तो आकडा, वाचा. नमुन्यादाखल हिशोब मांडतो. पोटात अडकलेली आंब्याची कोय काढायचं बिल आलं २६,००० रुपये. त्यातला खुराक आणि नखं कापण्याचे मिळून २,००० मंजूर होत नाहीत. उरले २४,०००. पॉलिसीत 'पहिले २,००० मालकाचे' असं असेल तर २२,०००. त्यावर २० टक्के मालकाचा वाटा, म्हणजे ४,४०० गेले. राहिले १७,६००. आणि शस्त्रक्रियेची उपमर्यादा १५,००० असेल, तर शेवटी हातात १५,०००. एक लाखाच्या पॉलिसीतही हेच होणार. हप्ता दोनेकशे रुपयांनी स्वस्त म्हणून पॉलिसी घेणाऱ्याला हा हिशोब डिस्चार्जच्या दिवशी कळतो.

लॅबचं काम याच महिन्यात उरका. 'नव्यानं घेण्याचं वय' आणि 'नूतनीकरणाचं वय' या दोन वेगळ्या मर्यादा असतात आणि नव्यानं घेण्याची आधी संपते. साडेसहा म्हणजे दार बंद व्हायच्या बेतात आहे. एकदा आत गेलात की नूतनीकरण एक दिवसही चुकवू नका. खंड पडला तर प्रतीक्षा काळ (पॉलिसीच्या सुरुवातीचे क्लेम न मिळणारे दिवस) पुन्हा पहिल्यापासून, आणि मधल्या काळात निघालेला आजार 'आधीपासूनचा' ठरतो.

क्लेम सगळ्यात जास्त अडतात ते केसपेपरवरच्या एका ओळीनं. मालक डॉक्टरांना सहज बोलून जातो, 'खाजवतोय की सहा महिने झाले.' डॉक्टर लिहितात: 'हिस्ट्री, सहा महिन्यांपासून खाज.' पॉलिसीला झालेत चार महिने. झालं, फाइल बंद! खोटं सांगा असं अजिबात म्हणत नाही. खाज पॉलिसीआधीची असेल तर ती प्रस्तावातच, म्हणजे विम्याच्या अर्जातच लिहा. पण अंदाजानं महिने फेकू नका, घरच्या वहीत तारीख असू द्या.

दुसरं कारण बिलं. मेडिकलच्या बिलावर बहुतेक वेळा फक्त मालकाचं नाव पडतं. त्यावर कुत्र्याचं नाव सांगून लिहून घ्या. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, तारीख, निदान, सही-शिक्का पाहिजे. 'औषधं व इतर ३,२००' अशा एका आकड्याच्या बिलाला अर्थ नसतो, बाब सुटी लिहून मागा.

चिप सगळीकडं सक्तीची नाही, काही पॉलिसीत ती असेल तर हप्त्यात सूट मिळते. तरीही दोघांना बसवाच. तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी, साधारण १२ मिलिमीटर लांबीची नळी दोन्ही खांद्यांच्या मधे कातडीखाली जाते. १५ आकडी क्रमांक, बॅटरी नाही. कुत्रं कुठं आहे हे ती सांगत नाही, हे ध्यानात घ्या. वाचकयंत्र जवळ नेल्यावर क्रमांक दिसतो, एवढंच तिचं काम. बसवायच्या आधी एकदा आणि बसवल्यावर एकदा यंत्र फिरवून घ्या आणि क्रमांकाचं स्टिकर लसीच्या पुस्तिकेत चिकटवा.

आणि एक, हा हप्ता आयकरात आरोग्य विम्याच्या सवलतीत दाखवू नका. ती सवलत माणसांच्या विम्याची आहे.

श्वानवैद्य

वरचं सगळं बरोबर. दवाखान्याच्या बाजूनं भर घालते.

लसीची पुस्तिका हाच तुमचा पहिला पुरावा. बाटलीवरचं लेबल सोलून पानावर चिकटवलेलं असतं, त्यावर बॅच क्रमांक आणि मुदत असते. लेबल आहे पण सही-शिक्का नाही, किंवा नुसतीच तारीख आहे, अशा पानाला कंपनी लस मानत नाही. आणि लसीनं टळणारा आजार लस चुकलेल्या कुत्र्याला झाला तर पैसे मिळत नाहीत, हे कलम जवळपास प्रत्येक पॉलिसीत असतं. पार्व्हो, डिस्टेंपर, लेप्टो, रेबीज सगळे त्यात आले.

कोल्हापुरात लेप्टोकडं जास्त लक्ष द्या. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शाहूपुरी कुंभार गल्ली, सुतारवाडा भागात शिरलं होतं. पूर ओसरल्यावर राहिलेल्या डबक्यांत उंदरांचं मूत्र असतं आणि जंतू तिथूनच येतात. पहिल्या वेळी दोन डोस, मधे दोन ते चार आठवडे, मग दरवर्षी एक. मे महिन्यातच उरकून टाका, म्हणजे पावसाळ्याआधी अंगात ताकद तयार होते. हा आजार माणसालाही होतो, म्हणून आजारी कुत्र्याचं मूत्र हातमोज्याशिवाय पुसायचं नाही.

तुमच्या लॅबला गर्भाशयात पू होण्याचा धोका आहे. माजावर येऊन गेल्यावर चार ते आठ आठवड्यांत पाणी खूप पिणं, खाणं सोडणं, खालून पूसारखा स्राव यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी आणा. तोंड बंद असलेल्या गर्भाशयात स्राव दिसतच नाही, ते जास्त घातक. प्रजननाशी संबंधित उपचार बऱ्याच पॉलिसीत वगळलेले असतात, त्यामुळं हा आजार आत आहे की बाहेर, हे लेखी विचारा. साडेसहाव्या वर्षीही रक्त तपासून, हृदय पाहून नसबंदी करता येते. माझं मत स्पष्ट आहे: आधी नसबंदी, तिला पॉलिसी पैसे देत नाही तरीही.

गोचीड ताप हा आपल्याकडचा रोजचा आजार. एक जंतू प्लेटलेट्स पाडतो, नाकातून रक्त येतं. दुसरा तांबड्या पेशी फोडतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी चहाच्या रंगाची होते. दोन्हींची औषधं वेगळी, म्हणून नुसत्या तापावरून गोळ्या सुरू करू नका. आधी रक्ताची पूर्ण तपासणी आणि काचेवरचा नमुना. पहिल्या प्रकारात डॉक्सिसायक्लिनचा कोर्स साधारण २८ दिवस चालतो. दहाव्या दिवशी कुत्रं पळायला लागतं, मालक गोळ्या थांबवतात आणि ताप उलटतो. हा उलटलेला ताप नवा आजार की जुना, यावर मग क्लेमचा वाद होतो. गोचीड मारायच्या औषधाचा खर्च कुणी देत नाही, पण दर महिन्याच्या औषधाची पावती जपा. 'मालकानं प्रतिबंध केला नाही' या आक्षेपाला तीच उत्तर.

रोज रात्री पाच मिनिटं अंगावरून हात फिरवायची सवय ठेवा. कानाची आतली घडी, पट्ट्याखाली, काखेत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या बुडाशी. गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची, पिरगाळायची नाही, रॉकेल लावायचं नाही. त्याच वेळी वरचा ओठ उचलून हिरडी बघा. बोटानं दाबल्यावर पांढरी झालेली जागा दोन सेकंदांत परत गुलाबी झाली पाहिजे. झोपेत श्वास मिनिटाला ३० च्या आत. गुदद्वारातलं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. अंगावरून फिरणारा हात कुत्र्याला जिव्हाळा वाटतो आणि असतोही. तुमच्या हाताला त्याचं नेहमीचं अंग माहीत असतं म्हणून गाठ वाटाण्याएवढी असतानाच सापडते. सापडली की वहीत तारीख.

गडहिंग्लजकर

कारवानीबद्दल थोडं. कागद नसला तरी विमा मिळतो. बिगर-पेडिग्री आणि संकर कुत्री घेणाऱ्या पॉलिसी आहेत. घोळ होतो तो नावात. पुस्तिकेवर 'कारवानी', आरोग्य दाखल्यावर 'मुधोळ', प्रस्तावात 'कॅरव्हान हाउंड'. आपल्याला एकच कुत्रं दिसतं, क्लेम तपासणाऱ्याला तीन. डॉक्टरांशी बोलून एकच शब्द ठरवा आणि सगळीकडं तोच टाका. वयाचंही तसंच. सहा-सात महिन्यांत पक्के दात पुरे येतात, त्यापुढं दातांवरून येतो तो अंदाजच. अंदाजाची एक जन्मतारीख धरा आणि ती कुठंही बदलू नका.

फोटो पाच काढा: समोरून, दोन्ही बाजूंनी, मागून आणि एखादी खूण जवळून. एकरंगी कारवानी एकासारखी एक दिसतात, तेव्हा छातीवरचा पांढरा ठिपका, कानाची चीर, नखाचा वेगळा रंग, जे असेल ते फोटोत येऊ द्या.

रक्त तपासणीआधी 'हा साइटहाउंड आहे', म्हणजे नजरेनं सावज हेरून पळणाऱ्या कुत्र्यांतला आहे, असं डॉक्टरांना सांगा. या गटातल्या कुत्र्यांत तांबड्या पेशींचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आणि प्लेटलेट्स थोड्या कमी असू शकतात. तंदुरुस्त असताना एकदा तपासणी करून ठेवली की त्याचे स्वतःचे आकडे हाताशी राहतात. अंगावर चरबी कमी, म्हणून भुलीची काही औषधंही यांना जड जातात. बरगड्या दिसतात म्हणून 'कुपोषित' असा शेरा दाखल्यावर पडला, तर तिथल्या तिथं दुरुस्त करून घ्या.

शर्यतीत किंवा शिकारीवर झालेली जखम पॉलिसीत धरत नाहीत. आणि सशाची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. कारवानीला पळायला पाहिजेच, पण कुंपणाच्या आत.

रंकाळाकाठ

फार उपयोगी. दोन शंका राहिल्या. कुत्रं गेलंच तर लगेच काय करायचं? आणि कारवानी कुणाला चावला तर?

क्लेमफाइल

गेलं तर पुरण्याआधी कंपनीला कळवा, फोनवर आणि लगेच ईमेलवरही. मृत्यूच्या क्लेमला शवविच्छेदनाचा अहवाल बहुधा लागतोच. घरच्या लोकांचं मन तयार नसतं, त्याच रात्री परड्यात पुरतात आणि क्लेम तिथंच संपतो. काही तासांत सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. उशीर होणार असेल तर बर्फाच्या पिशव्या लावून गार ठेवा, पण गोठवू नका, गोठल्यावर आतल्या पेशी फुटून काही कळत नाही. चिपचा क्रमांक अहवालात यायला हवा. चोरी झाली असेल तर पोलिसांकडची तक्रार त्याच दिवशी.

चावला तर आधी त्या माणसाची जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि त्याला लसीसाठी सीपीआर या सरकारी रुग्णालयात न्या. सोबत कुत्र्याची रेबीजची पुस्तिका ठेवा. कुत्र्याला सांभाळण्यात निष्काळजीपणा झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा भरपाईचा भार उचलतो, फौजदारी दंडाचा नाही. भरपाईची रक्कम परस्पर कबूल करू नका, नाहीतर कंपनी हात वर करते.

क्लेम नाकारला तर कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या. एक महिन्यात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडं जा. कोल्हापूरसाठी कार्यालय पुण्यात आहे, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाची मुदत.

श्वानवैद्य

दर महिन्याला वजनही वहीत घ्या, कारण प्रत्येक डोस किलोवर ठरतो. लॅब उचलवत नसेल तर दवाखान्यातल्या काट्यावर उभी करा. कारवानीसाठी घरचा साधा काटा चालतो: आधी तुम्ही एकटे उभे राहा, मग त्याला घेऊन, आणि वजाबाकी करा. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मांड्यांच्या मागून. पोटाखालून उचलला की तो धडपडतो आणि काटा स्थिर होत नाही.