प्रतिसाद: टायरचे रबर वितळवता का येत नाही?

प्लास्टिकची बादली वितळवून पुन्हा ओतता येते, तसे जुन्या टायरचे का करता येत नाही, हा वर विचारलेला प्रश्न मूलभूत आहे. चार्ल्स गुडइयर यांनी 1839 मध्ये शोधलेल्या व्हल्कनीकरणात, म्हणजे रबर गंधकासोबत तापवण्याच्या प्रक्रियेत, गंधक रबराच्या रेणूंच्या लांब साखळ्यांना एकमेकींशी कायमचे जोडते. टायरला टिकाऊपणा देणारे हेच बंध पुनर्वापराच्या आड येतात, कारण असे रबर तापवल्यावर वितळत नाही, त्याचे विघटन होते. म्हणून रिक्लेम रबर, म्हणजे जुन्या रबरापासून पुन्हा वापरण्याजोगे केलेले रबर, बनवताना तारा व धागे वेगळे करून टायरची भुकटी करतात आणि ती उष्णता, दाब, तेले व रसायने यांच्या साहाय्याने मऊ करतात. त्यात गंधकाच्या बंधांबरोबर मूळ साखळ्याही काही प्रमाणात तुटल्याने ताकद घटते, त्यामुळे नव्या टायरमध्ये हे रबर थोडेच मिसळता येते. चटया आणि चपलांचे तळवे यांत मात्र ते उत्तम चालते. रस्त्याच्या डांबरात भुकटी मिसळणे हा मला सर्वांत आश्वासक उपयोग वाटतो. टायर तापवून तेल काढण्याच्या पायरोलिसिसला मात्र मी रबराचा पुनर्वापर मानत नाही, कारण त्यात रबर उरतच नाही. टायर उत्पादक व आयातदारांवर पुनर्प्रक्रियेची जबाबदारी टाकणारे नियम भारतात 2022 मध्ये आले. त्यांच्या अंमलबजावणीत रबर रबर म्हणूनच टिकवणाऱ्या उद्योगांना प्राधान्य मिळायला हवे, असे मला मनापासून वाटते.