मुलाला फ्रॅटची बिड आलीये, रिसर्च नक्की काय म्हणतो?

कडीकोयंडा:
नमस्कार मंडळी, धागा जरा लांबणार आहे, आधीच माफी मागतो. आम्ही मिडवेस्टमधे राहतो, मुलगा इथल्याच एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाला आहे. त्यांच्याकडे पहिल्या सेमिस्टरला रश (फ्रॅटर्निटीवाले नवीन मुलं निवडतात ती भेटीगाठींची फेरी) करू देत नाहीत त्यामुळे तो जानेवारीत झाला आणि परवा रात्री फोन, बाबा बिड मिळाली! मला आधी वाटलं काहीतरी लिलाव वगैरे आहे, मग कळलं की हे फ्रॅटर्निटीचं, म्हणजे कॉलेजातल्या मुलांच्या मेंबरशिपवाल्या मंडळाचं, आमंत्रण. बायकोने शांतपणे विचारलं, "म्हणजे ते रॅगिंगवाले का रे?" तर साहेब चिडले, हेजिंग (रॅगिंगसारख्याला इथला शब्द) अजिबात नाही म्हणे, लेखी पॉलिसी आहे, सगळ्यांच्या सह्या घेतात. शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय.

मी इंजिनिअर माणूस, आकडे दिसले की बरं वाटतं, म्हणून दोन रात्री बसून वाचून काढलं आणि होतो त्यापेक्षा जास्त गोंधळलो. गॅलपचा २०१४ चा सर्व्हे, ३०,००० च्या वर ग्रॅज्युएट्स, त्यात ग्रीकवाल्यांपैकी (फ्रॅटवाले, नावं ग्रीक अक्षरांची म्हणून) ४३% लोक नोकरीत मनापासून रमलेले, बाकीच्यांत ३८%. मग एक पेपर सापडला की फ्रॅटमुळे जीपीए (मार्कांची सरासरी, चारपैकी) साधारण पाव पॉइंटने घसरतो पण पुढे उत्पन्न ३६ टक्क्यांनी वाढतं. आणि हार्वर्डच्या १९९३ च्या सर्व्हेत, १४० कॉलेजं होती त्यात, फ्रॅट हाऊसमधे राहणाऱ्या मुलांपैकी ८६% एका बैठकीत पाच किंवा जास्त ड्रिंक्स घेणारे, आणि फ्रॅटमधे नसलेली मुलं ४५%. आता मला सांगा, दारू जास्त, मार्क कमी आणि पगार जास्त, हे कुठलं गणित? कोणी यावर अभ्यास केलाय का, किंवा कोणाची मुलं यातून गेलीयेत का? नुसतं "नका घालू" असं नको प्लीज, पोरगं १८ पूर्ण आहे, मी नाही म्हटलं तरी त्याला करायचं ते करणारच.

टोमणेबाज:
पगार जास्त म्हणजे काय हो, काकाच्या कंपनीत चिकटले असतील सगळे.

शेवटचा_बाक:
टोमणेबाज गमतीत बोलले पण मुद्दा तोच आहे. कडीकोयंडा, तुमचे तिन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

फ्रॅटमधे जातं कोण हे आधी बघा. फी भरायची ऐपत असलेली, बोलघेवडी, बरेचदा ज्यांचे वडील किंवा भाऊ आधीच मेंबर होते अशी मुलं (त्यांना तिथे लेगसी म्हणतात). अशी मुलं फ्रॅटमधे न जाताही बऱ्या पगाराला लागली असती. त्यामुळे पुढे दिसणारा पगार फ्रॅटने दिला की घरून आला हे नुसत्या सर्व्हेवरून कळतच नाही. तो ३६ टक्केवाला पेपर ईशान्येकडच्या एकाच कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांवर आहे. त्यांनी हे वेगळं काढायचा प्रयत्न नक्की केलाय पण कॉलेज एकच, तेव्हा मी तरी तो आकडा तुमच्या मुलाच्या पगारात मिळवणार नाही.

मला जास्त पटलेला अभ्यास दुसरा. एका मोठ्या सरकारी युनिव्हर्सिटीत नियम होता की ठराविक जीपीए असल्याशिवाय ग्रीकमधे जाता येणार नाही. संशोधकांनी त्या नियमाचाच फायदा घेतला. रेषेच्या जरा वर असलेला आणि जरा खाली राहिलेला, ही दोन मुलं तशी सारखीच, पण एकाला आत जाता येतं आणि दुसऱ्याला नाही. मग पुढे दोघांचं काय होतं ते बघायचं. त्यात मार्क खरंच घसरलेले दिसले, ०.१ ते ०.३ स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकाश कोसळलं असं नाही पण आहे. पगारात वाढ मात्र सापडली नाही.

दारूचंही तसंच. मिशिगन युनिव्हर्सिटीच्या लोकांनी शाळेपासून पुढे तीच मुलं वर्षानुवर्ष फॉलो केली, तर जी नंतर फ्रॅटमधे गेली ती हायस्कूलमधेच बाकीच्यांपेक्षा जास्त पीत होती आणि आत गेल्यावर फरक अजून वाढला. म्हणजे पिणारे तिथे जातात हेही खरं आणि तिथे गेल्यावर पिणं वाढतं हेही खरं. तुमचा मुलगा शाळेत असताना कसा होता हे तुम्हाला माहीत, ते आम्ही इथे बसून सांगू शकत नाही.

गॅलपबद्दल एवढंच की पाच टक्क्यांचा फरक बघून मी कोणाला कुठे घालणार नाही आणि कुठून काढणारही नाही.

मधुमालती:
मी एका कॉलेजच्या स्टुडंट अफेअर्समधे बरीच वर्षं काम करते, ग्रीक लाइफ माझ्याकडे थेट नाही पण शेजारच्याच टेबलावर आहे. वरचं सगळं बरोबर आहे, पण वहिनींचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला आणि तो चुकीच्या शब्दात विचारला गेला, म्हणजे वहिनींची चूक नाही, सगळेच तसं विचारतात.

मेन राज्यातल्या युनिव्हर्सिटीच्या दोन संशोधकांचा २००८ चा एक मोठा अभ्यास आहे, ५३ कॉलेजं, ११,००० च्या वर विद्यार्थी. त्यांनी एक हुशारी केली. "तुमच्यावर हेजिंग झालं का" असं विचारून ते थांबले नाहीत, कृतींची यादीच दिली, म्हणजे जबरदस्तीने पिण्याचा खेळ, झोपू न देणं, अंगावर ओरडणं, अपमानाची कामं करायला लावणं, आणि यातलं काय काय झालं ते टिक करा. क्लब, टीम, फ्रॅट असं कशात ना कशात असलेल्या ५५% मुलांनी काहीतरी टिक केलं. आणि ज्यांनी टिक केलं त्यांच्यातल्या दहापैकी नऊ जणांच्या मते आपल्यावर हेजिंग झालेलंच नाही! तेव्हा तुमचा मुलगा नाही म्हणतोय ते खोटं बोलतोय असं मुळीच नाही, त्याच्या डोक्यात त्या गोष्टींना तो शब्दच लागत नाही.

आणि आपल्याकडच्या रॅगिंगपेक्षा हे जरा वेगळं आहे हेही लक्षात घ्या. रॅगिंग होस्टेलला आलेल्या कोणालाही होतं, इथे पोरगं स्वतःच्या पायाने दारात जातं, आत येऊ द्या म्हणून. म्हणून तक्रार करायचं त्याच्या मनातच येत नाही, कारण तक्रार म्हणजे आपणच मागितलेली जागा आपणच घालवायची.

आता "असं केल्याने एकी वाढते" हे नेहमीचं समर्थन. १९५९ मधे अ‍ॅरन्सन आणि मिल्स या दोघांनी एक प्रयोग केला होता, मला तो फार आवडतो. कॉलेजच्या ६३ मुली, त्यांना सांगितलं की एका चर्चागटात घेणार आहोत, विषय लैंगिकता. आत येण्याआधी काही जणींना प्रयोग घेणाऱ्या पुरुषासमोर अश्लील शब्द आणि वर्णनं मोठ्याने वाचावी लागली, १९५९ साल आहे हं, काहींना सौम्य शब्द, काहींना काहीच नाही. मग हेडफोन लावून गटाची चर्चा ऐकवली, ती मुद्दाम अत्यंत कंटाळवाणी बनवलेली, प्राण्यांच्या लैंगिक वागण्यावर रटाळ अडखळत बोलणं. तर ज्यांची सगळ्यात जास्त लाज काढली गेली त्यांनाच ती चर्चा सगळ्यात रंजक वाटली. एवढं सोसलं तर ते फुकट कसं असेल, असं मन स्वतःला समजावतं.

हा प्रयोग गेली साठ वर्षं सगळे सांगतात, पण तो प्रयोगशाळेतला होता. खऱ्या फ्रॅटमधे जाऊन हे तपासलं ते अलीकडे, २०२२ मधे छापून आलं, एका हेजिंग करणाऱ्या फ्रॅटमधली सहा बॅचेसची १२६ मुलं प्रक्रिया चालू असतानाच पुन्हा पुन्हा विचारून फॉलो केली. हेजिंग किती कडक वाटलं याचा एकीच्या भावनेशी फारसा संबंध निघाला नाही. म्हणजे दोस्ती होते, पण ती बाकीच्या गोष्टींनी होते, एकत्र राहणं, खाणं, दंगा. कोणाला रात्रभर जागवल्यामुळे नाही.

आता कामाचं. डिसेंबर २०२४ मधे अमेरिकेत स्टॉप कॅम्पस हेजिंग अ‍ॅक्ट झाला, त्याने कॉलेजांना हेजिंगमधे दोषी ठरलेल्या संघटनांची नावं स्वतःच्या वेबसाइटवर टाकावी लागतात. कॉलेजचं नाव आणि हेजिंग ट्रान्सपरन्सी रिपोर्ट असं शोधा, आणि त्या विशिष्ट चॅप्टरचं (म्हणजे त्या कॉलेजातल्या शाखेचं) नाव बघा, नॅशनल संघटनेचं नाही. एकाच नावाचा एका कॉलेजातला चॅप्टर आणि दुसऱ्यातला यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. आणि मुलाला "हेजिंग होतं का" विचारू नका. नवीन मेंबर असतानाच्या त्या सहा-आठ आठवड्यांत रविवारी रात्री दहा ते दोन काय असतं, फोन जवळ ठेवता येतो का, मधेच उठून रूमवर जाता येतं का, हे विचारा.

पिंगळा:
मधुमालतीताईंना पूर्ण अनुमोदन. त्या दहातल्या नऊपैकी मी एक आहे.

माझी सोरोरिटी (मुलींची फ्रॅटर्निटी) देसी होती. इथे बऱ्याच जणांना माहीत नसेल, साउथ एशियन फ्रॅट-सोरोरिटीज १९९० च्या दशकात सुरू झाल्या. त्याच्याही खूप आधी, १९०६ मधे कॉर्नेलला काळ्या विद्यार्थ्यांनी अल्फा फाय अल्फा काढली कारण गोऱ्यांच्या घरांत त्यांना कोणी घेत नव्हतं. त्यामुळे "ग्रीक लाइफ" असं एकच काही नसतं. आमच्याकडे मोठं घर नव्हतं, दारूच्या पार्ट्या नव्हत्या, अकरा मुली आणि एक स्टोरेज युनिट, बस.

पण रात्री होत्या. ओळीत उभं राहून संस्थापकांची नावं पाठ म्हणायची, काडी पेटवून हातात द्यायच्या आणि ती विझायच्या आत ग्रीक अक्षरं आल्फापासून ओमेगापर्यंत, एकीचं चुकलं की सगळ्यांनी पहिल्यापासून. बोटाला चटका बसला की हसायचो. एकदा असं पहाटे अडीचपर्यंत चाललं आणि सकाळी आठला ऑरगॅनिक केमिस्ट्रीची मिडटर्म होती, मी पेपरवर नाव लिहून दहा मिनिटं नुसतीच बसून राहिले. तेव्हा कोणी फॉर्म दिला असता तर हेजिंगसमोर "नाही" लिहिलं असतं, आणि मनापासून लिहिलं असतं.

आणि दुसरी बाजूही सांगते, नाहीतर अर्धवट होईल. सेकंड इयरला बाबांची बायपास झाली तेव्हा माझी बिग, म्हणजे मला वाटून दिलेली मोठी बहीण, तिने न विचारता सहा तास गाडी चालवून मला घरी सोडलं आणि त्याच रात्री परत गेली कारण तिची सकाळी लॅब होती. आज सोळा वर्षं झाली, अजूनही पहिला फोन तिलाच जातो. पण ती काडीमुळे माझी बहीण झाली असं कोणी म्हटलं तर मी भांडेन.

कडीकोयंडाकाका, पैशाचंही विचारा हं. ड्यूज सांगतात, टीशर्ट, फॉर्मल, दंड हे नंतर कळतं. आणि दुसऱ्या वर्षी त्यांच्याच घरात राहायची सक्ती आहे का ते.

कडीकोयंडा:
सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः मधुमालती आणि पिंगळा. काल रात्री फोन केला. बायकोला स्पीकरवर घेतलं आणि तिला सांगितलं होतं की तो शब्द काढायचा नाही.

तर रविवारी दहा ते दोनचं विचारल्यावर तो गप्प. मग म्हणाला ते बाहेर सांगायचं नसतं, आणि एकदम सावरून, "पण त्याला टीम बिल्डिंग म्हणतात बाबा." फोनचं विचारलं तर बास्केटमधे जमा करतात म्हणे. हिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. ओरडलो नाही, स्वतःचंच कौतुक वाटलं.

वेबसाइटवर रिपोर्ट सापडला, हा चॅप्टर मागच्या वर्षी प्रोबेशनवर होता, कारणात "झोपेवर निर्बंध" असं लिहिलंय. लिंक त्याला पाठवली, बरोबर काही लिहिलं नाही. तासाभराने त्याचा मेसेज, हे रशमधे कोणी बोललं नव्हतं. आज तो त्या फ्रॅटमधल्या एका सीनियरला भेटून समोरासमोर विचारणार आहे. मला विचारत होता की आत्ता नाही म्हटलं तर पुढच्या फॉलला पुन्हा रश करता येतो का, दुसरीकडे. हे कोणाला माहीत आहे?

पिंगळा:
मुलांचं सोपं असतं, फ्रॅट्समधे सहसा तसं बंधन नसतं, फॉलला खुशाल करता येईल, तरी एकदा त्यांच्या कॉलेजच्या ऑफिसला विचारून घ्या. मुलींच्या पॅनहेलेनिकमधे (सोरोरिटींच्या संघटनेत) मात्र बिड स्वीकारून सोडली तर त्या कॅम्पसवर साधारण वर्षभर दुसरीकडे जाता येत नाही. त्याला म्हणावं सीनियरला भेटशील तेव्हा मागच्या वर्षी अर्ध्यातून सोडून गेलेल्या मुलांची नावं विचार, आणि मग त्यांच्यातल्या कोणाशीतरी बोल.

टोमणेबाज:
फोन बास्केटमधे आमच्या ऑफिसात पण घेतात, मीटिंगला. टीम बिल्डिंग तेही नाही.