टोमॅटोच्या मुळांना गाठी, ट्रायकोडर्मा दोनदा घालूनही फरक शून्य

गच्चीवाली_घणसोली
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. सोसायटीच्या गच्चीवर माझ्या 22 ग्रो बॅगा आहेत, टोमॅटो, वांगी, भेंडी. टोमॅटो सकाळी टवटवीत असतात, अकरा वाजले की माना टाकतात आणि संध्याकाळी परत उभे, असं पंधरा दिवस चाललंय, मला वाटलं पाणी कमी पडतंय म्हणून दोन वेळा घालायला लागले तर पानं अजूनच पिवळी. खताच्या दुकानात विचारलं तर त्याने ट्रायकोडर्मा नावाच्या चांगल्या बुरशीचा पुडा हातात ठेवला, "सगळ्यावर चालतं मॅडम". काल वैतागून एक झाड उपटलं तर मुळं कसली, आल्याचा गड्डाच! जागोजागी सुजलेल्या गाठी. रोपं आणि लाल माती दोन्ही एकाच नर्सरीतून आणलेली. ही चांगली बुरशी खरंच काम करते का, की पैसे पाण्यात?

मुरबाडकर
ताई ही सूत्रकृमी, मातीतली डोळ्यांना न दिसणारी बारीक अळी, मुळात घुसते. आम्ही भात काढल्यावर भेंडी करतो, मला अगदी अशाच गाठी आल्या होत्या एका तुकड्यात. पहिलं काम, त्या बॅगेतलं खुरपं दुसऱ्या बॅगेत घालू नका, आणि उपटलेली मुळं कंपोस्टात तर अजिबात नको. वांगी भेंडी पण तिला आवडतात, तीही तपासा.

सूक्ष्मजीव_ऐरोली
दुकानदाराने तुम्हाला चुकीच्या चोरामागे पोलीस पाठवला. ट्रायकोडर्मा मुख्यतः बुरशीला मारणारी बुरशी. रायझोक्टोनिया, पिथियम असल्या रोपं कोलमडवणाऱ्या, मुळं कुजवणाऱ्या बुरशीच्या धाग्यांना ती वेटोळे घालते, भिंत विरघळवणारं एन्झाइम सोडते आणि आतलं खाते, हे 1932 पासून माहितीये. सूत्रकृमीला थोडाफार त्रास देते ती पण, नाही असं नाही, पण मुळं एवढी फुगल्यावर तिच्या एकटीच्या भरवशावर राहू नका.

तुम्हाला हवी ती पॅसिलोमायसिस लिलॅसिनस, आता नाव बदलून पर्प्युरिओसिलियम झालंय पण पुड्यावर बहुतेक जुनंच दिसेल. 1979 च्या सुमारास पेरूमध्ये (देश हो, फळ नाही) बटाट्याच्या मुळावरच्या सूत्रकृमीच्या अंड्यांत ही सापडली. मादी मुळाच्या गाठीत बसून चिकट गोळ्यात शेकडो अंडी घालते, ही बुरशी त्या अंड्याच्या कवचातून आत घुसते. म्हणजे ती पुढची पिढी मारते, मुळात घुसून बसलेल्यांचं फार काही करत नाही. म्हणून आज घातली आणि उद्या झाड हसलं असं होणार नाही, गाठी झालेली झाडं गेलीच समजा.

कोपरीकर_काका
एवढी मोठी नावं कशाला. निंबोळी पेंड आणि मधेमधे झेंडू, बास. आमच्या चाळीत वीस वर्षं तेच. आणि हो, माझ्या चवळीच्या मुळांना पण गाठी असतात, मग तिलाही रोग झाला का?

सूक्ष्मजीव_ऐरोली
काका चवळीच्या गाठी चांगल्या, त्यात रायझोबियम असतो, हवेतला नत्र झाडाला देणारा जिवाणू. नखाने ढकला, मण्यासारखी अलगद सुटून येते, आणि फोडली की आत गुलाबी. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं, ती सुटत नाही, मूळच तुटतं. झेंडू बरोबर सांगितलात, त्याच्या मुळांतलं रसायन सूत्रकृमीला सोसत नाही, पण पाच झाडांत एक झेंडू लावून भागत नाही, ती अख्खी बॅग एक हंगाम झेंडूलाच द्या.

मुरबाडकर
घालायची पद्धत सांगतो नाहीतर ताई नुसती भुकटी वरून शिंपडतील. टनभर कुजलेल्या शेणखताला पॅसिलोमायसिसची भुकटी 2 किलो, म्हणजे तुमच्या 10 किलोला 20 ग्रॅम, थोडी निंबोळी पेंड. पाणी मारून मूठ वळेल इतपत ओलं करा, वर ओलं गोणपाट, सावलीत पंधरा दिवस, मधे एकदोनदा खालीवर. मग लावणीआधी मातीत कालवा. जिवंत वस्तू आहे ती, कार्बेन्डाझिमसारखं बुरशीनाशक त्याच बॅगेत ओतलंत तर ती पण मरेल. माझ्या भावाने हेच केलं आणि वर मलाच बोलला की तुझं जैविक फसवं आहे. जुनी माती उन्हाळ्यात पारदर्शक प्लास्टिकखाली ओली करून महिनादीड महिना तापवा, बुरशी त्यानंतर, आधी नाही!! पुड्यावरची तारीखही बघा, उन्हात ठेवलेला पुडा घेऊच नका.

सूक्ष्मजीव_ऐरोली
एक राहिलं. पॅसिलोमायसिस हाताळताना मास्क, हातमोजे घाला आणि डोळ्याला हात लावू नका. माणसाच्या डोळ्यात क्वचित संसर्ग करते ती, लेन्स वापरणाऱ्यांनी तर जपूनच.

गच्चीवाली_घणसोली
मी लेन्सवालीच आहे! बरं झालं बोललात, हे काम नवऱ्याला देते. आज बाकीची टोमॅटो उपटली, सहापैकी चारांना गाठी, वांग्याचं एकच झाड तपासलं तर त्यालाही बारीक बारीक. शेणखत पाण्याच्या टाकीखालच्या सावलीत गोणपाट घालून ठेवलंय. सेक्रेटरी वर येऊन वास घेऊन गेले, मी सांगितलं खत मुरतंय. बुरशी वाढवतेय म्हटलं असतं तर उद्या नोटीस बोर्डावर माझं नाव लागलं असतं. भेंडीला अजून हात लावायची हिंमत होत नाहीये, तिला आत्ता कुठे फुलं आलीयेत.