हाउलंड आडनाव म्हणजे मेफ्लॉवरचे वंशज का?

प्रश्न: आम्ही बोस्टनजवळ राहतो, शेजारच्या आजी म्हणतात की १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून इंग्लंडहून आलेल्या जॉन हाउलंडच्या त्या वंशज, पण घरात कागद एकही नाही, फक्त माहेरचं आडनाव हाउलंड. मला आपल्याकडच्या कुलवृत्तांताचा नाद म्हणून शोधून देते म्हणून बसले. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १: आडनावावर जाऊ नका हो! जॉनचे भाऊ आर्थर आणि हेन्री पण नंतर प्लिमथ वसाहतीत (मेफ्लॉवरच्या लोकांनी वसवलेली) आले, त्यांचे वंशजही हाउलंडच, पण ते दोघं काही मेफ्लॉवरवर नव्हते.

प्रतिसाद २: आणि मुलींकडून आलेल्यांची आडनावं भलतीच असतात. जॉन आणि त्याची बायको एलिझाबेथ (माहेरची टिली, तीही आईवडिलांबरोबर मेफ्लॉवरवर होती) यांना १० मुलं झाली. तिचे आईवडील पहिल्याच हिवाळ्यात गेले, जवळजवळ निम्मे प्रवासी गेले तेव्हा. आणि हा जॉन वादळात चक्क समुद्रात पडला होता, लोंबणारा दोर हाताला लागला म्हणून वाचला, नाहीतर त्याचे वंशज, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थोरले बुश जन्मलेच नसते :)

प्रतिसाद ३: आजींपासून मागे मागे जा, एकेक पिढीची जन्म-लग्न-मृत्यूची नोंद टाउन क्लार्ककडे (टाउन हॉलमधला नोंदी ठेवणारा अधिकारी) बघायची. मेफ्लॉवर वंशजांच्या सोसायटीने सुरुवातीच्या पिढ्यांची पुस्तकं काढलीयेत, मोठ्या लायब्ररीत मिळतील, तुमची साखळी तिथवर पोचली की काम सोपं. ऑनलाइन वंशवृक्ष मात्र जपून, लोक एकमेकांचं कॉपी मारतात.

प्रश्नकर्ती: बापरे, आर्थरचं निघालं तर आजींना सांगायचं कसं? उद्या टाउन हॉलला जाऊन येते.