तेरवीचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो उन्हात हिरवट दिसतात, शाई कशी जुळवू?

आर्वीवाला:
नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यात स्टुडिओ आहे. जुने फोटो साफ करून मोठे करणं हेच काम, त्यात तेरवीचे जास्त. लग्नाच्या ग्रुपमधला चेहरा कापून ए-४ करून मागतात, हल्ली ब्लॅक अँड व्हाइटच पाहिजे म्हणतात. प्रिंटर सहा शाईंचा टँकवाला, शाई कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कंपनीची. दुकानात ट्यूबखाली प्रिंट चांगला दिसतो, बाहेर नेला की चेहऱ्यावर शेवाळ. ड्रायव्हरमध्ये ग्रेस्केल केलं तरी तेच. मॅजेन्टा वाढवला तर ट्यूबखाली गुलाबी. काल एक गिऱ्हाईक म्हणे, "आमचा बुढा आजारात बी इतका हिरवा नव्हता, भाऊ."

रिफीलभाऊ:
आधी नोझल चेक काढा, म्हणजे हेडच्या सगळ्या छिद्रांतून शाई येते का ते दाखवणारी रेघांची चाचणी. मे महिन्यात आपल्याकडे हेड सुकतेच. लाइट मॅजेन्टाच्या दोन रेघा तुटल्या तर कलर फोटोत समजत नाही, राखाडीत लगेच चुगली होते.

काळापांढरा:
बुढ्याचं वाचून हसलो, पण गिऱ्हाईक बरोबर आहे.

ग्रेस्केल म्हणजे नुसती काळी शाई, असं नसते. फोटो पेपर निवडला की असे प्रिंटर बहुतेक वेळा सायन, मॅजेन्टा, पिवळी मिसळूनच राखाडी करतात. असा मिसळलेला राखाडी ट्यूबखाली एक आणि उन्हात दुसरा दिसतोच. दोन्हीकडे जुळवायच्या नादी लागू नका. फोटो बैठकीत लागणार ना? मग दारातून येणाऱ्या उजेडात पाहून जुळवा.

फाइल आरजीबी (लाल-हिरवा-निळा, म्हणजे रंगीत) करा, ड्रायव्हर कलरवरच ठेवा. ग्रेस्केल केला तर तुम्ही दिलेली झाक तो पुसून टाकतो. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ११ चौकोनांची पट्टी छापा, रात्रभर सुकू द्या. ओल्या शाईचा रंग पाहून काही ठरवू नका. मधले चौकोन हिरवे असतील तर फोटो एडिटरच्या कर्व्हजमध्ये (उजेड-रंग कमीजास्त करायची रेघ) ग्रीन चॅनल मधोमध १२८ वरून १२४ वर आणा आणि परत पट्टी काढा. पेपर किंवा शाईची बाटली बदलली की पट्टी नव्याने.

माझं मत विचाराल तर किंचित तपकिरीकडेच ठेवा. माणसाच्या चेहऱ्यावर तपकिरी झाक कोणाला खटकत नाही.

रिफीलभाऊ:
खरा इलाज राखाडी शाईचा प्रिंटर. एप्सनच्या शुअरकलर पी ७०० मध्ये काळ्याशिवाय दोन राखाडी शाया आहेत, अ‍ॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट मोडमध्ये न्यूट्रल, कूल, वॉर्म, सेपिया निवडता येतं. उजेड बदलला तरी रंग फार हलत नाही. पण तेरवीच्या फोटोच्या भावात तो कसा परवडणार, राजेहो.

आर्वीवाला:
नोझल चेक काढला, रेघा सगळ्या पुऱ्या आहेत. पट्टी छापून वाळत ठेवली. फोटो ओसरीत लावला तर चालेल का? बरेच जण तिथंच लावतात.

काळापांढरा:
काच लावूनच द्या, आणि थेट ऊन येते ती भिंत नको म्हणून सांगा. डाय शाईतले (विरघळलेल्या रंगाची शाई) रंग सारखे उडत नाहीत, एक आधी जातो. मग तुमच्या १२४ ला काही अर्थ राहत नाही.