मध्ययुगीन इंग्लिश जमीनदार घराण्याची वंशावळ कशी पडताळावी?

प्रश्न : पूर्व इंग्लंडच्या सफोक परगण्यातील एका जमीनदार घराण्याच्या सोळाव्या शतकात नोंदवलेल्या वंशावळीत साखळी थेट १०८६ च्या डूम्सडे बुकापर्यंत (राजाने करवलेल्या जमीन-पाहणीच्या नोंदीपर्यंत) नेली आहे, मात्र मधल्या चार पिढ्यांना एकच नाव असल्याने माझे मन तिथे अडते. पॅरिश नोंदवह्या (स्थानिक चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह व दफनाच्या नोंदी) १५३८ नंतरच्या आहेत. त्याआधीचा पुरावा कुठे शोधावा?

प्रतिसाद १ : नावांऐवजी जमिनीचा माग काढा. थेट राजाकडून जमीन धारण करणारा वारला की राजाचा अधिकारी स्थानिक पंचांकरवी चौकशी करी आणि तीत मृत्यूची तारीख, जमिनी, वारस व त्याचे वय नोंदवले जाई. ही कागदपत्रे लंडनमधील क्यू येथील नॅशनल आर्काइव्हज या सरकारी अभिलेखागारात आहेत. 'एकवीस वर्षे व अधिक' असे वय दिसल्यास ते शब्दशः धरू नये. बहुधा वारस सज्ञान होता, एवढाच त्याचा अर्थ.

प्रतिसाद २ : 'फीट ऑफ फाइन्स', म्हणजे राजाच्या न्यायालयात झालेल्या जमिनीच्या करारांच्या प्रतीही अवश्य पाहा. एकाच चर्मपत्रावर करार तीनदा लिहून ते नागमोडी रेषेत कापत. दोन प्रती पक्षकारांना मिळत आणि तळाची न्यायालयाकडे राही. ११९५ पासूनच्या या प्रतींत अनेकदा पत्नीचेही नाव सापडते, आणि एकाच नावाचे बाप-लेक वेगळे ओळखायला माझ्या मते याहून भक्कम आधार क्वचितच मिळतो.

प्रतिसाद ३ : गावावरून पडलेले आडनाव सारखे आहे, एवढ्यावरून नाते मात्र जोडू नका.

प्रश्नकर्ता : मनःपूर्वक आभार. चौकशीच्या नोंदींपासूनच सुरुवात करतो.